डावी वर की उजवी वर?

हातातलं काम चालू ठेवा, फक्त दोरीवर वाळत घातलेल्या घरच्या पुरुषमाणसाच्या शर्टाकडे एकदा बघा. अंगात घातला की त्याची डावी बाजू उजवीवर येते. म्हणजे काजपट्टी डावीकडे, बटणपट्टी उजवीकडे. बायकांच्या शर्टाला बहुधा याच्या उलट असतं.

आमच्या गटाला ही गोष्ट एकदा महागात पडली. बायकांच्या तीस शर्टांची ऑर्डर होती आणि आम्ही सवयीनं काजपट्टी डावीकडे लावली. व्यापाऱ्यानं सगळा माल परत केला. काजं पडलेलं कापड उसवून काय उपयोग? पुढचे भाग नव्यानं कापावे लागले, कापडाचे पैसे गटाच्या बचतीतून गेले. "एवढ्याशा पट्टीनं काय बिघडतं?" असं एक मावशी म्हणाल्या. तेव्हा आम्ही शोध घेतला. कळलं ते असं, की ही डावी-उजवी जकातीच्या कायद्यातही लिहिलेली आहे.

परदेशी माल बंदरावर उतरला की कर किती घ्यायचा हे नंतर ठरतं. आधी ठरतं ते हे, की ही वस्तू आहे तरी काय. पूर्वी प्रत्येक देशाची यादी वेगळी होती. एकाच मालाला इथं एक नाव, तिथं दुसरं. सगळ्यांची मिळून एक यादी असावी म्हणून १९३०च्या दशकात जिनिव्हात प्रयत्न झाला, मग १९५० साली ब्रुसेल्सला करार झाला. आज चालते ती पद्धत १९८३ च्या कराराची आणि १ जानेवारी १९८८ पासून लागू झालेली. आपल्या देशात सीमाशुल्क दराचा कायदा १९७५ चा आहे. त्यातली यादी १९८६ साली या नव्या पद्धतीवर बसवली गेली.

या यादीत ६१ वं प्रकरण होजिअरीच्या कपड्यांचं आणि ६२ वं मागावरच्या कापडाच्या कपड्यांचं. ६२ व्या प्रकरणात पुरुषांचा शर्ट ६२०५ क्रमांकावर, बायकांचा ब्लाउज, शर्ट ६२०६ वर. ८६ सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या बाळाचे कपडे वेगळे. आणि पुढून उघडणाऱ्या कपड्याची डावी बाजू उजवीवर येत असेल तर तो पुरुषाचा, उजवी डावीवर येत असेल तर बाईचा. कापावरूनच उघड दिसत असेल की कपडा दुसऱ्याचा आहे, तर मात्र हा नियम लागत नाही.

आणखी एक नियम ऐका. जो कपडा पुरुषाचा की बाईचा हे ओळखताच येत नाही, तो बायकांच्या क्रमांकात टाकायचा. ज्याचं कुणी नाही ते बाईच्या पदरात! गटात हे वाचलं तेव्हा आधी सगळ्या हसल्या, मग गप्प झाल्या.

क्रमांक बदलला की कर बदलू शकतो. अमेरिकेत चामड्याच्या काही हातमोज्यांवर पुरुषांसाठी १४ टक्के आणि इतरांसाठी १२.६ टक्के कर होता. टोट्स-आयसोटोनर ही कंपनी हा भेदभाव आहे म्हणून कोर्टात गेली. २०१० साली वरच्या कोर्टात ती हरली. नुसते दर वेगळे आहेत एवढ्यानं भेदभावाचा हेतू सिद्ध होत नाही, असं कोर्टाचं म्हणणं. हातमोज्यांत पुरुषांना जास्त कर होता खरा, पण तिथल्या सगळ्या कपड्यांची सरासरी काढली तर बायकांच्या कपड्यांवरचा कर जास्त भरतो, असं अर्थतज्ज्ञांनी दाखवलं आहे.

आणि आपली साडी? तिला ना काज, ना बटण. आपल्या देशाच्या यादीत सुती साडी ५२ व्या प्रकरणात सुती कापडात आणि रेशमी साडी ५० व्या प्रकरणात रेशमी कापडात मोजली जाते. जन्मभर आपण जे नेसतो, ते जकातीच्या हिशेबी अजून कापडच आहे.

मैत्रिणींनो, या याद्या लिहिताना आपल्याला कुणी विचारलं नाही. पण शिवतो आपण, आणि चुकलं तर भरपाईही आपलीच. म्हणून पुढची ऑर्डर घेताना तीन गोष्टी विचारून वहीत लिहून घ्या: कापड होजिअरीचं की मागाचं, कपडा कुणासाठी, आणि वर कोणती बाजू, डावी की उजवी. आमच्या वहीत आता पहिल्याच पानावर हे लिहिलेलं आहे.