दादा कोंडके : चड्डीच्या नाडीपलीकडे

परवा लंचला जुन्या मराठी पिक्चर्सचा विषय निघाला. दादा कोंडक्यांचं नाव आलं आणि टेबलावर सगळे गालातल्या गालात हसायला लागले. डबल मीनिंग, ढगळ चड्डी, लोंबणारी नाडी. संपले दादा! मीही त्यातलाच. लहानपणी टीव्हीवर दादा दिसले की आई चॅनेल बदलायची.

पण जरा मागे जाऊन बघू. दादांचा जन्म १९३२ चा, नायगावच्या चाळीतला. बँड वाजवला, अपना बाजारात नोकरी केली, सेवा दलाच्या कलापथकात कामं केली. मग १९६५ मध्ये आलं वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा'. त्यातला हवालदार म्हणजे दादा. वगनाट्यात लिहिलेली संहिता हा नुसता सांगाडा असतो. त्यावर मांस चढवायचं सोंगाड्यानं, तेही समोरचं पब्लिक आणि त्या दिवशीची बातमी बघून. दादांमधला लेखक तयार झाला तो इथे, रोज रात्री, उभ्या उभ्या.

१९७१ मध्ये त्यांनी स्वतः निर्माता होऊन 'सोंगाड्या' काढला. दादरचं कोहिनूर थिएटर मात्र देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'ला द्यायचं ठरलं. मुंबईत मराठी पिक्चरला थिएटर नाही! दादा बाळासाहेब ठाकरेंकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि 'सोंगाड्या' लागला. पुढे लागोपाठ नऊ पिक्चर पंचवीस आठवड्यांच्या वर चालले, गिनीज बुकात नोंद झाली. शिवसैनिकांनी थिएटर मिळवून दिलं हे खरं, पण पंचवीस आठवडे खुर्च्या भरल्या त्या पब्लिकनं. हे पब्लिक गिरणगावातलं आणि गावाकडचं. पडद्यावरचा भोळा माणूस त्यांच्यासारखा बोलायचा आणि शेवटी शहाण्यांना पुरून उरायचा.

१९८४ च्या 'तेरे मेरे बीच में'पासून दादा हिंदीतही गेले. माझ्या मते तिथे गडबड झाली. वगातला हजरजबाबीपणा मागे राहिला आणि चावट टायटलं तेवढी पुढे आली. आपल्या पिढीला दादा कळले ते त्या टायटलांवरून. १९९८ मध्ये ते गेले तेव्हाही आपण तेच आठवून हसलो.

असो. वीकेंडला 'सोंगाड्या' बघा. सुरुवातीला संथ वाटेल, दम धरा. मी आईबरोबर बघितला. तिनं चॅनेल बदललं नाही :)