रक्त काढणाऱ्यांची वंशावळ

एखाद्याने दुसऱ्याच्या जिवावर पैसा केला की आपण म्हणतो, "भरली त्याने आपली तुंबडी." ही तुंबडी भिक्षेकऱ्याची की वैदूची, यावर वाद घालता येईल. मी वैदूच्या बाजूने आहे, कारण वैदूच्या तुंबडीशी माझं लांबचं नातं लागतं.

ओळखीच्या मंडळींना ठाऊक आहेच, नव्या वाचकांसाठी सांगतो. माझं पोटापाण्याचं काम म्हणजे लोकांचं रक्त काढणं. डीएमएलटी केल्याला आता सोळा वर्षं झाली. तेव्हापासून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली अशा जिल्ह्यांत फिरतोय, कधी एखाद्या सर्वेक्षणासाठी, कधी ठेकेदाराच्या लॅबसाठी, कधी शिबिरांसाठी. करार अकरा महिन्यांचा, मग मधे खंड, मग नवा कागद. लग्नकार्यात मावश्या विचारतात, "अजून परमनंट नाही का रे झालास?" त्यांच्यासाठी (आणि थोडं माझ्यासाठी) हे लिहितोय. कारण हा धंदा खोदून पाहिला तर त्यात परमनंट माणूस फार क्वचित सापडतो.

तुंबडी म्हणजे पोकळ शिंग किंवा वाळलेला भोपळा. दुखऱ्या जागी कातडीला बारीक चिरा द्यायच्या, वर तुंबडी लावायची आणि आतली हवा ओढून घ्यायची. भोपळा असेल तर आत दिवा ठेवायचा. मग रक्त आपसूक वर येतं. सुश्रुतसंहितेत हे सगळं आहे. शृंग आहे, अलाबू आहे, जळवा आहेत आणि सगळ्यात धाडसाचा सिरावेध, म्हणजे थेट शीर उघडणं. जळवांवर तर स्वतंत्र अध्याय आहे. सहा जाती विषारी, सहा बिनविषारी. त्या लावायच्या कोणाला? तर राजे, श्रीमंत, बायका, मुलं, म्हातारे आणि नाजूक प्रकृतीचे लोक यांना. बाकीच्यांनी चिरा सोसाव्यात! दवाखान्यातली स्पेशल रूम किती जुनी आहे ते बघा.

पण ग्रंथ लिहिणारा वेगळा आणि उन्हातान्हात फिरणारा वेगळा. आपल्याकडे फिरणारे होते वैदू. गावाबाहेर पाल टाकायचं, जडीबुटी आणि तुंबड्या घेऊन घरोघर हिंडायचं, बायकांनी सुया, मणी, बिब्बे विकायचे, मिळेल ते धान्य घ्यायचं आणि पुढचं गाव गाठायचं. युरोपात हेच काम न्हाव्यांकडे होतं. लंडनमध्ये १५४० साली न्हावी आणि शल्यवैद्य यांची एकच संघटना झाली. १७४५ साली शल्यवैद्य वेगळे झाले, आणि न्हाव्यांकडे उरला तो दुकानाबाहेरचा लाल-पांढरा खांब. अमेरिकेचे जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ साली घसा सुजून आजारी पडले, तेव्हा दिवसभरात त्यांचं पुन्हा पुन्हा रक्त काढलं गेलं आणि त्याच रात्री ते गेले. त्यातही पहिल्यांदा रक्त काढलं ते डॉक्टरांनी नव्हे, शेतावरच्या मुकादमाने. डॉक्टर पोचायच्या आधी सुरी धरायला नेहमी असाच कोणीतरी हाताशी असतो.

पुढे रक्त काढण्याचं कारणच बदललं. आधी बरं करण्यासाठी काढायचे, आता बघण्यासाठी काढू लागले. १८८० साली लाव्हराँला अल्जीरियात एका सैनिकाच्या रक्तात हिवतापाचा जंतू दिसला. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने तो डासाच्या पोटात शोधला. त्यासाठी हुसेन खान नावाचा हिवतापाचा रुग्ण स्वतःला डास चावून घेत होता, डासामागे एक आणा या दराने. रॉसला १९०२ साली नोबेल मिळालं. हुसेन खानाचं काम तेवढ्यावर संपलं. आमच्या वंशावळीत मी त्यालाही धरतो.

आता थोरले काका. नातेवाईकांनी त्यांना सायकलवर पाहिलेलंच आहे. १९६१ साली ते डीडीटी फवारायला हंगामी म्हणून लागले आणि मग हिवतापाचे सर्वेक्षण कर्मचारी झाले. या योजनेचा पसारा आज सांगितला तर खरा वाटत नाही. १९५३ साली कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख मरतात, असा अंदाज होता. १९५८ साली 'नियंत्रण' जाऊन 'निर्मूलन' हा शब्द आला. दहा हजार वस्तीमागे एक कर्मचारी, त्याने दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं. ताप आहे का? होता का? पाहुणा कोणी आलाय का? असला तर बोटाला टोचून काचपट्टीवर एक जाड आणि एक पातळ थेंब पसरायचा, मोठ्या माणसाला क्लोरोक्विनच्या चार गोळ्या समोर गिळायला लावायच्या आणि भिंतीवरच्या चौकटीत तारीख घालून सही करायची. साहेब अचानक येऊन ती चौकट बघायचे, त्यामुळे घरी बसून सह्या मारायची सोय नव्हती.

१९६५ साली देशातले रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. काका सांगायचे, "लोक खूश होते आणि आम्ही काळजीत." कारण योजनेतच लिहिलेलं होतं. हिवताप गेला की त्या भागातली घरोघरची फेरी बंद करायची आणि काम साध्या आरोग्य केंद्राकडे सोपवायचं. म्हणजे काचपट्ट्यांत जंतू सापडेनासे झाले की हे लोकही नकोसे. आपलं काम चोख केल्याबद्दल आपणच घरी बसायचं, अशी नोकरी मी दुसरी ऐकलेली नाही. नंतर झालं ते उलटंच. डीडीटी अपुरं पडलं, डास त्याला सरावले, फेऱ्या ढिल्या झाल्या आणि १९७६ साली रुग्ण ६४ लाखांवर गेले. कर्तारसिंग समितीने १९७३ मध्येच सुचवलं होतं की हिवतापवाले, देवीवाले असे सुटे सुटे न ठेवता एकच बहुउद्देशीय कर्मचारी करावा. त्या लाटेत काका कायम झाले. हिवताप परत आला नसता तर काय झालं असतं, हे त्यांना कधी विचारलं नाही.

आमच्या भागात आणखी एक तऱ्हा होती, हत्तीरोगाची. त्याचे जंतू दिवसा बोटाच्या रक्तात जवळजवळ सापडत नाहीत, रात्री बाहेर येतात. म्हणून नमुने रात्रीच घ्यायचे, आठ-साडेआठपासून मध्यरात्रीपर्यंत. टॉर्च घेऊन झोपलेल्या माणसाला उठवायचं आणि त्याचंच बोट टोचायचं. कुत्री काय करत असतील, कल्पना करा.

माझं काम त्या मानाने सुखाचं. १९४९ साली जोसेफ क्लायनरने निर्वात नळीचं पेटंट घेतलं आणि शिरेतून रक्त काढणं पुष्कळ सोपं झालं. सुई शिरेत गेली की नळीच रक्त ओढून घेते. (हवा ओढून घेतलेली नळी म्हणजे तुंबडीच की!) आधी निळं झाकण, मग लाल, जांभळं नंतर. हा क्रम मोडला तर एका नळीतलं औषध दुसरीत जाऊन तपासणी चुकते. एवढं पुस्तकात असतं. म्हाताऱ्या माडिया बाईच्या हातावरच्या दाट गोंदणाखाली शीर दिसत नाही, ती बोटालाच कळावी लागते, हे फिरल्यावर कळतं.

सध्या माझं काम सिकलसेलचं आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला राष्ट्रीय मोहीम जाहीर झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, आणि नावात पुन्हा 'निर्मूलन'. तो शब्द वाचून मला काका आठवले. मार्च २०२४ मध्ये राज्याने दहा वर्षं झालेल्या कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांना सामावून घ्यायचा निर्णय काढला, पण तो अभियानाच्या माणसांसाठी. मी ठेकेदाराच्या यादीतला. गंमत अशी की २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीत आरोग्य सेवकांच्या निम्म्या जागा हंगामी फवारणी करणाऱ्यांसाठी होत्या, आणि त्यासाठी ९० दिवसांच्या कामाचा अनुभव लागत होता. तेव्हाच्या हंगामी माणसांनी मागे ठेवलेली ही वाट आहे, आणि ती त्यांनी कमावलेली आहे. रक्त काढणाऱ्यांसाठी अशी वाट अजून कोणी पाडलेली नाही. आम्ही विखुरलेले, आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या. एकत्र बसायला भिंतीवरची चौकटही नाही.

तर मावशी, उत्तर असं आहे. नाही झालो. मार्चअखेर हा करार संपतोय, पुढचा कागद आला आहे आणि तो मी सही करून परत पाठवला आहे. एप्रिलपासून कोरचीकडची गावं आहेत. मोहाचा हंगाम असल्याने माणसं पहाटेच जंगलात जातील, तेव्हा नमुने संध्याकाळी घ्यावे लागतील, आणि रात्रभर ते थंड ठेवायला बर्फाचे डबे दुप्पट मागवले आहेत.