जोड टायरमधील हवेचा दाब

जड वाहनाच्या मागील आसावर प्रत्येक बाजूस शेजारीशेजारी बसविलेल्या दोन टायरना जोड टायर म्हणतात. मालमोटारी, एसटी बस आणि मोठ्या कॅराव्हॅन यांमध्ये ही रचना आढळते. दोन्ही टायरमध्ये समान व योग्य दाब राखणे सुरक्षिततेसाठी आवश्यक असते. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव व पिंपळगाव बसवंत येथून कांदा घेऊन मुंबईकडे जाणाऱ्या मालमोटारींना कसारा घाट उतरावा लागतो. अशा मार्गांवर या देखभालीचे महत्त्व अधिक असते.

== भारक्षमता ==
टायरच्या बाजूवर भारनिर्देशांकाचे दोन आकडे असतात. उदाहरणार्थ, १४६/१४३ या खुणेचा अर्थ एकेरी वापरात ३,००० किलो, तर जोडीत प्रत्येकी २,७२५ किलो असा होतो. जोडीतील भार नेहमीच सारखा विभागला जात नसल्याने ही मर्यादा कमी ठेवलेली असते.

== असमान दाबाचे परिणाम ==
एका टायरमधील हवा कमी झाल्यास त्याचा भार जोडीदारावर पडतो. दोन्ही चाके एकत्र जखडलेली असल्याने समान फेरे घेतात; त्यामुळे कमी व्यासाचा टायर रस्त्यावर घासत जातो व लवकर झिजतो. कमी हवेच्या टायरच्या भिंती सतत दुमडून तापतात. दोन टायरमधील अंतर घटून त्या एकमेकींस घासल्यास टायर फुटण्याचा अथवा पेटण्याचा धोका असतो. आतील टायर पूर्ण बसला तरी बाहेरील टायर वाहन तोलून धरतो, म्हणून हा दोष चालकाच्या सहज लक्षात येत नाही.

== तापमानाचा प्रभाव ==
निफाड परिसरात हिवाळ्यात पारा १० अंश सेल्सिअसखाली जातो, तर उन्हाळ्यात तो ४० अंशांच्या आसपास पोहोचतो. ४० अंशांना १०० पीएसआय असलेला दाब १० अंशांना सुमारे ८९ पीएसआयपर्यंत उतरतो. याउलट घाट उतरताना ब्रेक ड्रमच्या उष्णतेने, विशेषतः आतील टायरचा, दाब वाढतो. तापलेल्या टायरमधील ही वाढीव हवा सोडू नये. टायर थंड झाल्यावर दाब धोकादायकरीत्या कमी होतो.

== तपासणी ==
* दाब प्रवासापूर्वी, टायर थंड असताना मोजावा. तो वाहन उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे व प्रत्यक्ष भारानुसार असावा.
* टायरवर टॉमी किंवा हातोडी आपटून येणाऱ्या आवाजावरून पूर्ण बसलेला टायर ओळखता येतो. १५–२० पीएसआयची घट मात्र कळत नाही. त्यासाठी गेजच वापरावा.
* आतील टायरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचत नसल्यास जोडनळी बसवितात. तिचे सांधे गळत नाहीत याची खात्री करावी.
* दोन टायरमध्ये अडकलेले दगड काढावेत.
* जोडीत समान मापाचे व जवळपास सारख्या झिजेचे टायर असावेत.
* योग्य दाबाच्या २० टक्के किंवा त्याहून अधिक कमी दाबावर धावलेला टायर जागेवरच भरू नये. त्यातील पोलादी तारा कमकुवत झालेल्या असू शकतात व हवा भरताना टायरची भिंत फाटून जीवघेणा स्फोट होऊ शकतो. असा टायर उतरवून आतून तपासावा व संरक्षक पिंजऱ्यात ठेवून भरावा.

== हे सुद्धा पहा ==
* टायर
* मालमोटार
* थळ घाट