तळटीप : विष पचवणारे उष्णताप्रिय जिवाणू

* साधारण ४५ ते ८० अंश सेल्सियस तापमानात जोमाने वाढणारे सूक्ष्मजीव. लेखकाच्या डोळ्यांसमोर यलोस्टोनचे उकळते झरे असावेत. पण प्रदूषके हाताळणारे असे जीव गाठायला झऱ्यांपर्यंत जावे लागत नाही, शेणखताचा तापलेला ढीगही पुरतो. अमेरिकेत ओरेगॉनमधील उमाटिला लष्करी डेपोत बॉम्बमधील स्फोटके धुतलेले पाणी १९६५ पर्यंत उघड्या तळ्यांत सोडले जाई. तिथली माती टीएनटी व आरडीएक्सने भरली. १९९० च्या दशकात ती शेण, कोंबडखत, लसूणघास आणि बटाट्याच्या टाकाऊ भागात कालवून लांबलचक ढीग रचले गेले. बाहेरून उष्णता द्यावी लागली नाही. जिवाणूंच्या श्वसनानेच ढीग आतून पंचावन्न अंशांच्या आसपास तापले आणि काही आठवड्यांत मातीतील टीएनटी जवळजवळ दिसेनासे झाले.

मात्र लेखक म्हणतो तसे सगळे विष ‘खाल्ले’ गेले नव्हते. टीएनटीच्या रेणूवरील नायट्रो गटांचे अमिनो गट होतात आणि तो रेणू ह्यूमसला घट्ट चिकटतो. कार्बन डायऑक्साइडपर्यंत पोचणारा वाटा अगदी थोडा. लेखकाचे विधान फिनॉलला अधिक लागू पडते : ‘बॅसिलस थर्मोलिओव्होरन्स’चा (आता ‘जिओबॅसिलस’) एक वाण सत्तर अंशांनाही फिनॉलचे आधी कॅटेकॉल करतो, मग त्याचे कडे फोडून उरलेल्या तुकड्यांवर जगतो. — संपा.