सरंजामापासून स्वराज्यापर्यंत : सिल्वासा नगरीची कहाणी

दमणगंगेच्या काठी, वापी रेल्वे स्थानकापासून पूर्वेस काही कोसांच्या अंतरावर सिल्वासा हे नगर वसले आहे. सरकारी कागदांत त्याचे नाव सिल्वासा असले, तरी परिसरातील लोकांच्या तोंडी ते सेलवासच राहिले. मोठ्या राजधान्यांचा इतिहास लिहावयास राजदरबारी बखरकार सापडतात. लहान नगरांच्या वाट्याला मात्र बहुधा महसुलाचे हिशेब आणि सनदांची भेंडोळीच येतात. सिल्वाशाची गोष्ट याहून थोडी निराळी आहे. मराठी दप्तरातील एका साध्या शब्दाचा अर्थ काय, या प्रश्नाची चर्चा पावणेदोनशे वर्षांनंतर हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात झाली, आणि त्या शब्दाशी या नगरीचे भवितव्य जोडले गेलेले होते. तो शब्द म्हणजे ‘सरंजाम’.

या कहाणीचा आरंभ पुण्याच्या दरबारात होतो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचा अंत झाला. दमण व दीव एवढीच ठाणी त्यांच्या हाती उरली. पुढे १७७२ साली मराठी आरमाराने ‘सांताना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले आणि त्याच्या भरपाईची मागणी पोर्तुगीजांनी लावून धरली. एरवी अशी मागणी वर्षानुवर्षे लोंबकळत राहिली असती. परंतु तो काळ पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा होता. पेशवे सवाई माधवराव अजून बालवयाचे होते आणि कारभाराची धुरा नाना फडणीसांकडे होती. इंग्रजांशी झुंज चालू असता गोव्याच्या बाजूने आणखी एक शत्रू उभा राहू नये, हे राजकारणास आवश्यकच होते. अशा परिस्थितीत १७७९ चा तह झाला. दमणच्या परिसरातील गावांतून वार्षिक बारा हजार रुपयांचे उत्पन्न पोर्तुगीजांना तोडून द्यावे, असे त्यात ठरले. १७८३ व १७८५ या वर्षी निघालेल्या सनदांनी प्रथम नगर हवेलीची आणि मग दादऱ्याची गावे त्यांच्याकडे गेली. नगर हवेलीतील या गावांची संख्या परंपरेने बहात्तर सांगितली जाते.

येथे एक भेद नीट ध्यानी घ्यावयास हवा. मराठी राज्यव्यवस्थेत जहागीर किंवा सरंजाम म्हणजे महसुलाचा उपभोग होय. राज्याचे दान नव्हे. सरंजामदाराने वसूल घ्यावा, बंदोबस्त ठेवावा. परंतु भूमीचे स्वामित्व छत्रपतींचे, आणि सरंजाम काढून घेण्याचा अधिकारही दरबाराचा. मात्र १८१८ साली पेशवाई बुडाली आणि सनद देणारा दरबारच उरला नाही. नव्याने आलेल्या इंग्रजी सत्तेने पोर्तुगीजांना ‘तुमचा येथे अधिकार कोणता?’ असे कधी विचारले नाही. मालकच नाहीसा झाल्यावर कुळाने वाड्याला आपल्या नावाची पाटी लावावी, तसे झाले. महसुलाचा हक्क हळूहळू राज्य बनला.

त्या राज्यात सिल्वासा आरंभी केवळ एक खेडे होते. कारभाराचे ठाणे दरारा या गावी असे. १८८५ साली ते सिल्वाशास हलविण्यात आले आणि ११ फेब्रुवारी १८८५ च्या फर्मानाने गावास नगराचा दर्जा मिळून ‘व्हिला द पासू द आर्कुश’ असे भारदस्त नाव देण्यात आले. लिस्बनजवळच्या एका गावाचे हे नाव येथील जिभेला पेलण्याजोगे नव्हते. कागदावर ते राहिले आणि बाजारात सेलवासच चालू राहिले. राज्यकर्त्यांची भाषा आणि प्रजेची भाषा यांतील अंतर या एका गोष्टीवरूनही कळून येते. पिएदादे मातेचे चर्च, प्रशासकाची कचेरी आणि पोलीस ठाणे यांच्याभोवती नगराचा विस्तार झाला. सागवानाचे व्यापारी, दुकानदार, कारकून व शिपाई ही नगरातील वस्ती. आणि चहूंकडील रानात वारली, कोकणा, धोडिया, काथोडी, दुबळा या जमातींचे पाडे, असे या प्रदेशाचे रूप होते. गुजराती व मराठी या दोन्ही भाषा येथे एकाच ओट्यावर बसून बोलल्या जात, आणि पाड्यांवर वारली व कोकणा बोली नांदत.

आदिवासींचे जीवन भात, नागली आणि रान यांवर उभे होते. पावसाळ्यात शेत, पुढे रानातील मजुरी, आणि सुगीनंतर रात्री तारप्याच्या सुरावर फेर धरून नाच, असे त्यांचे वर्ष जाई. परंतु ज्या भूमीवर तो नाचे, ती बहुधा त्याच्या नावावर नसे. १९१९ च्या पोर्तुगीज कृषिकायद्याखाली ‘अल्वारा’ नावाच्या परवान्याने जमिनी लागवडीस दिल्या जात. ‘तेरेम’ नावाचा आणखी एक धारा होता. परवाना मिळविण्यास अर्ज, भाषा, ओळख आणि पैसा लागे. ही चारही साधने नगरातील मोजक्या घरांपाशी होती, पाड्यांपाशी नव्हती. परिणामी जमीन एकाची आणि घाम दुसऱ्याचा, अशी स्थिती रूढ झाली. सरहद्दीपलीकडे ठाणे जिल्ह्यातही याहून बरी अवस्था नव्हती. १९४५ पासून तलासरी, उंबरगाव व डहाणू भागातील वारल्यांनी शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. रानातून जाणाऱ्या सरहद्दीवर भिंत नव्हती. आप्त अलीकडे तसेच पलीकडे होते. तेव्हा त्या लढ्याची वार्ता नगर हवेलीत पोहोचल्यावाचून राहिली नाही.

१९४७ साली भारत स्वतंत्र झाला, तरी सालाझारच्या राजवटीने आपल्या वसाहती सोडण्याचे नाकारले. नगर हवेलीचा भूगोल मात्र त्या राजवटीस प्रतिकूल होता. दमणहून दादऱ्यास जावयाचे तर भारतीय भूमी ओलांडावी लागे, आणि दादऱ्याहून नगर हवेलीत शिरावयाचे तर पुन्हा ती ओलांडावी लागे. हा मार्ग बंद झाला की सिल्वाशाचे ठाणे एकाकी पडे. गोवा मुक्तीसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे नेमके हेरले.

२१ जुलै १९५४ च्या रात्री फ्रान्सिस मास्करेन्हस यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या तुकडीने दादऱ्याचे ठाणे घेतले. या चकमकीत ठाण्याचे प्रमुख आनिसेतो दु रोझारियो हे आपल्या जागी लढत पडले. मुक्तीचा आनंद योग्यच. परंतु या संग्रामातही रक्त सांडले होते, हे इतिहासाने विसरू नये. २८ जुलै रोजी नरोली पडली. तेथून पुढे आझाद गोमंतक दल व राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक सिल्वाशाकडे निघाले. राजा वाकणकर, नाना काजरेकर, विश्वनाथ नरवणे, प्रभाकर सिनारी आदी मंडळी या मोहिमेत होती. संगीतकार सुधीर फडके हेही तिच्यात सहभागी होते, आणि मोहिमेच्या निधीसाठी पुण्यात लता मंगेशकर यांचे गायन झाले होते. दुसऱ्या बाजूने परुळेकरांच्या प्रेरणेने साम्यवादी कार्यकर्ते व वारली सरसावले. या पक्षांचे परस्परांशी मुळीच सख्य नव्हते. तरी एका ध्येयासाठी ते एकाच रानात उतरले. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वाशावर तिरंगा चढला. प्रशासक कॅप्टन फिदाल्गो आपल्या पोलिसांसह खानवेलकडे हटले होते. ११ ऑगस्ट रोजी उधवा येथे त्यांनी भारतीय पोलिसांपुढे शस्त्रे खाली ठेविली.

यानंतरची सात वर्षे सिल्वाशाच्या इतिहासात अपूर्व होत. पोर्तुगीज गेले होते आणि भारताने हा प्रदेश आपल्यात विधिवत सामील करून घेतला नव्हता. मग राज्य कोणाचे? येथील लोकांचे, हेच त्याचे उत्तर होते. आप्पासाहेब करमळकर हे मुक्त प्रदेशाचे आरंभीच्या काळातील प्रशासक झाले आणि वरिष्ठ पंचायत स्थापन होऊन तिच्या सल्ल्याने कारभार चालू लागला. मोठ्या राष्ट्रांचे कारभार थाटाने चालतात. येथे जुन्या कचेरीतील जुनी सामग्रीच नव्या कामी लावावी लागली. पोर्तुगीज टपालतिकिटांवर ‘मुक्त प्रदेश’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे छापून तीच तिकिटे चालविण्यात आली. शिक्का जुना, अर्थ नवा. त्या काळाचे याहून बोलके चिन्ह दुसरे सापडणे कठीण. कालपर्यंत कचेरीच्या पायरीशी अर्ज घेऊन उभा राहणारा मनुष्य आता आपल्याच पंचायतीपुढे गाऱ्हाणे मांडू शकत होता.

इकडे कारभार चालू असता तिकडे खटला उभा राहिला. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला आणि अवघ्या आठ दिवसांत, २२ डिसेंबर रोजी, त्याने हेगच्या न्यायालयात भारताविरुद्ध दावा गुदरला. दमणहून या प्रदेशात जाण्याचा मार्ग आम्हांस हक्काने मिळावा, अशी त्याची मागणी होती. भारताची बाजू महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून मुहम्मद करीम छागला न्यायासनावर बसले. १७७९ च्या तहाची कलमे, मराठी सनदा आणि त्यांतील संज्ञा यांचा कसून ऊहापोह झाला.

१२ एप्रिल १९६० रोजी निर्णय लागला. मराठ्यांनी दिले ते केवळ महसुली उत्पन्न, सार्वभौमत्व नव्हे, हे न्यायालयाने मान्य केले. नानांच्या काळातील सरंजामाचा खरा अर्थ अशा रीतीने दूर सागरापार प्रस्थापित झाला. परंतु त्याच निर्णयात असेही म्हटले होते, की पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व व्यवहारात मानले आणि त्यांच्या पश्चात भारतानेही ते मूकपणे चालू दिले. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना जाण्यायेण्याचा हक्क पोर्तुगालला १९५४ साली होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांना मात्र तो नव्हता. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असा एकंदर निष्कर्ष निघाला.

या निकालात एक गंभीर बोध साठविलेला आहे. जे सनदेने मिळाले नव्हते, ते इतरांच्या मौनाने मिळाले. मौन इंग्रजांचे होते, पुढे दिल्लीचे होते. आणि ज्यांच्या भूमीविषयी ही चर्चा चालली, त्या पाड्यांवरील माणसांस तर कोणी कधी विचारलेच नव्हते. १७७९ साली नाही, १८१८ साली नाही, १८८५ सालीही नाही. म्हणूनच १२ जून १९६१ या दिवसाचे महत्त्व आगळे आहे. त्या दिवशी वरिष्ठ पंचायतीने भारतात विलीन होण्याचा ठराव एकमताने संमत केला. या प्रदेशाच्या प्रतिनिधींनी प्रदेशाचे भवितव्य स्वतः उच्चारून सांगितले, असा हा पहिलाच प्रसंग होय. विलीनीकरणाच्या करारावर पंडित नेहरूंच्या बरोबरीने सही करावयास दुसऱ्या बाजूने कोणी अधिकारी पुरुष हवा, म्हणून भारतीय प्रशासन सेवेतील के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते त्या मुक्त प्रदेशाचे प्रमुख करण्यात आले. घटनेच्या दहाव्या दुरुस्तीनंतर ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा व नगर हवेली हा केंद्रशासित प्रदेश झाला. उधव्याच्या शरणागतीस त्याच तारखेस सात वर्षे पूर्ण होत होती. पोर्तुगालने मात्र हे वास्तव मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने.

१९६० साली महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये वेगळी झाली होती. दोन भाषांच्या या प्रदेशाला त्यांपैकी कोणत्याही एकात न घालता केंद्राच्या छत्राखाली ठेविले गेले. न्यायदानासाठी मात्र तो मुंबई उच्च न्यायालयाशी जोडला गेला. लोकसभेत त्यास एक जागा मिळाली आणि १९६७ च्या निवडणुकीत सानजीभाई डेलकर निवडून गेले. वरिष्ठ पंचायतही राहिली. परंतु राज्य करणारी म्हणून नव्हे, तर प्रशासकास सल्ला देणारी म्हणून. स्वातंत्र्यात आल्यावर पंचायतीचा अधिकार वाढण्याऐवजी संकोचला, हा विरोधाभास येथील राजकारणात पुढे पुष्कळ काळ जाणवत राहिला.

भूमीचा प्रश्नही झेंड्याबरोबर आपोआप सुटला नाही. १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमाने अल्वारा व तेरेम हे जुने धारे संपुष्टात आणून कसणाऱ्याच्या हक्काचा मार्ग खुला केला. त्यावरील वाद न्यायालयांत दशकानुदशके रेंगाळले. तोवर नगराचे रूप पालटू लागले होते. १९६५ साली पिपरिया येथे सहकारी तत्त्वावर पहिली औद्योगिक वसाहत निघाली. पुढे करसवलतींमुळे कारखान्यांची रीघ लागली. १९६१ साली साऱ्या प्रदेशाची लोकसंख्या ५७,९६३ होती. २०११ च्या जनगणनेत ती ३,४३,७०९ झाली आणि एकट्या सिल्वाशातच एक लाखाच्या जवळपास माणसे राहू लागली. याच जनगणनेत आदिवासींचे प्रमाण निम्म्याहून किंचितच अधिक उरले. २००६ साली नगरपरिषद स्थापन झाली. २६ जानेवारी २०२० पासून हा प्रदेश दमण व दीव यांच्याशी एकत्र करण्यात आला आणि राजधानी दमण येथे गेली. ज्या दमणपासून सुटण्यासाठी १९५४ साली रस्ते अडविले गेले, त्याच दमणशी सिल्वासा पुन्हा एका कारभारात आला; परंतु या वेळी तो एकाच राष्ट्राचा घटक म्हणून.

आजही दरवर्षी २ ऑगस्ट हा मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी ध्वजास वंदन होते, हुतात्म्यांचे स्मरण होते. त्या स्मरणाबरोबर १२ जूनचेही स्मरण व्हावे, हे उचित होय. शस्त्राने ठाणी मुक्त झाली, ही गोष्ट थोरच. पण प्रजा खऱ्या अर्थाने मुक्त झाली ती आपले मत उच्चारून. सिल्वाशाच्या पावणेदोनशे वर्षांच्या परवशतेचे मूळ तहात जितके होते, त्याहून अधिक ते मौनात होते. लहान नगरीचे स्वराज्य नगरपरिषदेच्या सभागृहात आणि पाड्यावरच्या पंचायतीतच राखले जाते. तेथे बोलणारा जोवर बोलतो आहे आणि ऐकणारा ऐकतो आहे, तोवर कोणताही सरंजाम पुन्हा राज्य होऊ शकणार नाही.