लंडनच्या प्रश्नकर्त्यांचें पत्र

एखादी चर्चा वाढत कां जाते आणि दुसरी आरंभींच कां आटते, हें आधीं ओळखतां येतें काय? या प्रश्नाचा विचार करूं लागलें कीं मला लंडनचा पुस्तकविक्रेता जॉन डंटन आठवतो. आपल्यावर झालेल्या एका अन्यायाचा विचार त्याच्या मनांत घोळत होता. सल्ला तर हवा, पण नांव उघड होऊं नये. अशा विवंचनेंत सेंट जॉर्जच्या मैदानांतून फिरतांना त्याला कल्पना सुचली, आणि ती आपण पन्नास गिनींसही विकणार नाहीं, असें तो उद्गारला. ही हकीकत त्याच्या १७०५ सालच्या आत्मचरित्रांत आहे.

मार्च १६९१ मध्यें त्याचें 'अथेनियन मर्क्युरी' निघालें. किंमत एक पेनी, एक कागद पाठपोट छापलेला. कोणींही निनांवी प्रश्न लिहून १६८० पासून सुरू असलेल्या पेनी-टपालानें एका कॉफीगृहाच्या पत्त्यावर पाठवावा. उत्तर अंकांत येईल. उत्तरें देणारी 'अथेनियन सभा' विद्वानांची मोठी मंडळी भासे. वस्तुतः डंटन, गणिती रिचर्ड सॉल्ट आणि धर्मोपदेशक सॅम्युएल वेस्ली एवढेच मुख्य.

विझलेला अग्नि कोठें जातो, स्त्रियांनीं विद्या शिकावी काय, प्रेम नसतां लग्न करावें काय, असे नाना प्रकारचे प्रश्न येऊं लागले. थोड्याच दिवसांत नवे प्रश्न तूर्त पाठवूं नयेत, अशी विनंती छापावी लागली! आपला प्रश्न आज आला असेल काय, या उत्सुकतेनेंच अनेकजण अंक घेत असावेत. आणि नांव गुप्त असल्यानें आपलें तें सर्वांचें होई. माझ्या मतें वाढीचें खरें मूळ येथें आहे. विषयांच्या थोरवींत नव्हे.

याची कसोटी लगेच लागली. १६९३ सालीं 'लेडीज मर्क्युरी' निघालें. विद्येचे प्रश्न अथेनियनांस सोडून त्यानें केवळ प्रेम, विवाह आणि स्त्रियांच्या अडचणी उचलल्या. लोकांस जें सर्वांत आवडतें तेंच निवडून दिल्यास पत्र हमखास चालेल, असें कोणीही म्हटलें असतें. चार अंकांनंतर तें बंद पडलें. मिश्रणांत गोडी होती, ती एकट्या साखरेंत उरली नाहीं, असें वाटतें. निश्चित सांगणें मात्र अवघड.

डंटनचें पत्रही शेवटीं थकलें. १६९५ मध्यें मुद्रणपरवान्याचा कायदा संपतांच वृत्तपत्रें वाढलीं, आणि कॉफीगृहांतील लक्ष दुसरीकडे वळलें. १६९६ च्या आरंभीं तें थांबलें. मे १६९७ मध्यें पुन्हां निघालें खरें. पण दहा अंक होतांच जूनमध्यें कायमचें बंद झालें.