टाकीत आजवर काय काय भरलं

ट्रकची टाकी सडते ती तेलानं नव्हे, पाण्यानं. ग्वाल्हेरला हे पाणी बाहेरून ओतावं लागत नाही. जानेवारीत धुकं, मेमध्ये पारा ४५ च्या वर, मधे पावसाळा. अर्धवट भरलेल्या टाकीतली हवा दिवसा फुगते, रात्री आकसते, आणि आकसताना झाकणाच्या भोकातून दमट हवा आत ओढून घेते. ती गार पत्र्यावर थेंब धरते. पाणी डिझेलहून जड, त्यामुळे ते तळाशी जाऊन बसतं. गाडी रोज धावत असेल तर फारसं बिघडत नाही. मालकाचं कर्ज थकलं, कोर्टकचेरी लागली, गाडी उभी राहिली, की गंज कामाला लागतो.

मी बहोडापूरच्या ट्रान्सपोर्टनगरात टाक्या दुरुस्त करतो. आमचं घराणं तांबटांचं. शिंद्यांच्या फौजेमागोमाग इकडे आलो, असं घरात सांगतात. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, त्याचंच पुढे लष्कर शहर झालं. एवढ्या माणसांना हंडे, घागरी, पातेली लागणारच. आजोबांच्या काळात भांडी घडवणं सुटलं, पण डाख देणं आणि कल्हई हातात राहिली. मोटारीला नेमकी तीच हवी होती. जुन्या गाड्यांच्या टाक्या साध्या पत्र्याच्या नसत. पोलादी पत्र्यावर शिसं आणि कथलाचा मुलामा असे, त्यात शिसंच जास्त. हा मुलामा गंज रोखी आणि त्यावर डाखही चटकन धरी. जस्त टाकून मारलेलं ॲसिड, नवसागर, तापवलेली डाखणी, ही सगळी हत्यारं घरातलीच होती.

गाड्यांची हौस या शहरात लवकर आली. माधवराव शिंदे महाराजांनी नॅरोगेजची रेल्वे घातली, जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरवली आणि १९०५ मध्ये मेळा सुरू केला. त्या मेळ्यात तेव्हा गुरं विकली जात, आज करसवलतीत गाड्या विकल्या जातात. ग्वालियर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनी हे नाव आता इथेही कुणाला आठवत नाही, पण स्वातंत्र्याच्या वेळी खुद्द दिल्लीतली शहर बससेवा या कंपनीकडे होती. ती अपुरी पडते म्हणून मे १९४८ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयानं ती ताब्यात घेतली, आणि दिल्ली ट्रान्सपोर्ट सर्व्हिस निघाली.

त्या पिढीच्या गाड्या पेट्रोलवर चालत. पेट्रोल डब्यांतून येई आणि मऊ कातड्यातून गाळून टाकीत जाई. कातडं पेट्रोल सोडतं, पाणी अडवतं. वाटेत टाकी गळू लागली तर ड्रायव्हर धुण्याचा साबण भोकावर घासून पुढे निघे, कारण साबण पेट्रोलात विरघळत नाही. मुक्कामाला पोचल्यावर स्पिरिटमध्ये भिजवलेली लाख सांध्याला लावत. तीही पेट्रोलला दाद देत नाही. पेट्रोल किती उरलं ते दाखवणाऱ्या काट्याला जोडलेला बुचाचा तरंगा लाखेतच बुडवून काढलेला असे. मोठ्या भोकाला मात्र डाखच.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आलं आणि बसगाड्यांच्या मागे कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या बसल्या. गाड्या चालल्या, टाक्या रिकाम्या राहिल्या. आजोबा म्हणत की टाकी वापरानं झिजत नाही, आरामानं झिजते. युद्ध संपल्यावर लष्करी लिलावातले शेव्हरले आणि फोर्ड ट्रक खासगी मालकांकडे आले. त्यांची पेट्रोल इंजिनं उतरवून पर्किन्सचं डिझेल इंजिन चढवायची चाल पडली. मद्रासची सिम्पसन कंपनी ती इंजिनं देशातच बनवू लागली होती. इंजिन बदललं, टाकी तीच ठेवली, आणि खरी पंचाईत तिथे झाली. कार्बोरेटर थोडा कचरा सोसतो, डिझेलचा पंप सोसत नाही. त्याचे भाग इतके घट्ट बसवलेले असतात की गंजाचा कणही ओरखडा पाडतो. शिवाय डिझेल इंजिनातून उरलेलं गरम तेल परत टाकीत येतं. दिवसभर टाकी तापते, रात्री निवते, आणि आत घाम आणखी धरतो.

१९५४ मध्ये जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक निघू लागले. आग्रा-मुंबई रस्त्यावर हळूहळू सगळंच डिझेलवर आलं. टाक्या मोठ्या झाल्या, पत्रा जाड झाला, डाखेची जागा गॅस वेल्डिंगनं घेतली. तांबटाचा नातू वेल्डर झाला.

वेल्डिंगनं मरण जवळ आलं. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण पेटतो तो वाफ आणि हवेचा मेळ. ‘डिझेल थोडंच पेटतं’ असं म्हणणारे खूप भेटतात. आपल्याकडच्या मानकात डिझेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश एवढाच मागितला आहे, आणि ग्वाल्हेरचा मे त्याच्या कितीतरी वर असतो. म्हणून टाकी आधी कॉस्टिकच्या गरम पाण्यानं धुवायची, मग भोक सर्वांत वर येईल अशी ठेवून पाण्यानं भरायची, आणि भोकाखाली बोटभर जागा सोडूनच ज्योत लावायची.

गंज काढायची रीत मात्र फारशी बदललेली नाही. पोरं टाकीत मूठभर खडी, जुने नटबोल्ट, साखळीचा तुकडा टाकतात आणि तास दोन तास घोळवतात. सिमेंटचा मिक्सर मोकळा मिळाला तर टाकी त्याला बांधतात. ट्रकच्या टाकीत तेल हिंदकळू नये म्हणून आडवे पडदे असतात. त्यांच्यामागे साखळी पोचत नाही, तेव्हा वरच्या अंगाला खिडकी कापावी लागते. नंतर ॲसिड. मुरियाटिक गंज खातं आणि चांगला पत्राही खातं, शिवाय धुऊन तासाभरात टाकी पुन्हा तांबूस होते. फॉस्फरिक सावकाश चालतं, पण जाताना पत्र्यावर करडा थर ठेवून जातं आणि तो थर पुढचा लेप धरून ठेवतो. सोड्यानं ॲसिड मारायचं, पाण्यानं धुवायचं, वाळवायचं. वाळवायला इथल्या उन्हाळ्याएवढा चांगला मदतनीस नाही. लू सुटली की दुपारभरात टाकी कोरडी होते.

शेवटी लेप. आता दोन भागांचं एपॉक्सी मिळतं. ते ओतून टाकी सगळ्या अंगांवर फिरवायची, उरलेलं काढून टाकायचं, तेल ओढायची नळी आणि हवेचं भोक बुजू द्यायचं नाही, मग काही दिवस हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाला हेच सर्वांत आवडतं. त्याला वाटतं, गंजावरच ओतलं की झालं. सैल गंजावरचा लेप काही महिन्यांत पापुद्रा होऊन सुटतो आणि नळीच्या तोंडाशी जाऊन बसतो. गाडी चंबळच्या खोऱ्यात रात्री बंद पडते. लोहिया बाजारातून आणलेल्या डब्यात अर्धंच काम असतं, उरलेलं अर्धं खडी आणि साखळीचं.

लेप कोणता, हे टाकीत काय भरणार त्यावर ठरतं. इथेच जुनं शहाणपण उलटतं. २००३ मध्ये काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळू लागले. २०२२ पर्यंत देशभर १० टक्के झालं, २०२५ मध्ये २०. इथेनॉल म्हणजे स्पिरिटच, आणि स्पिरिट लाख विरघळवतं. जुन्या पेट्रोल गाडीचा तरंगा चिकट होऊन बुडतो, सांधे पाझरतात, साबणाचा उपाय टिकत नाही, पूर्वीचे पॉलिएस्टरचे लेप मऊ पडतात. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं. आजोबांची दवा त्यांच्या पेट्रोलपुरती बरोबर होती. त्या टाक्यांत एक विष मात्र आहेच. मुलाम्यात शिसं, आणि देशभर १ फेब्रुवारी २००० ला बंद होईपर्यंत पेट्रोलमध्येही शिसं. त्या घासताना मी पोरांना तोंड बांधायला लावतो आणि आतून झाडलेली धूळ ओली करूनच उचलू देतो.

एप्रिल २०२० पासून नव्या ट्रकांना बीएस-६ हे धुराचं मानक लागू झालं. ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकच्या टाक्या वाढल्या. त्या आतून तांबूस होत नाहीत, आणि प्लॅस्टिकला डाख धरत नाही. मुलगा ॲल्युमिनियमचं वेल्डिंग शिकून आलाय. माझ्याकडे जुने टाटा ट्रक, शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आणि हौशी मंडळींच्या लष्करी गाड्या येतात. नव्या पोराला मी सुरुवातीला हत्यार देत नाही. गाडी आली की मालकाला विचारायला सांगतो, यात पेट्रोल होतं की डिझेल, किती दिवस उभी होती, आधी कुणी काय ओतलं होतं, आणि आता काय भरणार? उत्तर मिळेपर्यंत ॲसिडची बाटली उघडायची नाही, हा आमच्या दुकानाचा नियम आहे.